गरम हवेला बाहेरची वाट

मंडळी, या वीकांताचा विषय जरा तापलेला आहे. (कोटी वाईट आहे, पण सुरुवातीलाच उरकून टाकलेली बरी. :) )

ऑफ-रोडिंगवाल्यांच्या जीपा जवळून बघितल्यात का? पुष्कळांच्या बॉनेटवर जाळ्या, फटी किंवा माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा दिसतात. आमच्या ऑफिसात यावर दोन मतं आहेत. पहिलं, "शायनिंग मारायला, दुसरं काय!" दुसरं, "हवा आत जाते रे त्यातून, इंजिन गार राहतं." दुसरं मत मांडणारा मेकॅनिकलचा पदवीधर आहे आणि सध्या जावा लिहितो, म्हणून त्याला माफ. (ह. घ्या.)

खरी गंमत अशी की त्या फटींचं मुख्य काम हवा बाहेर सोडण्याचं असतं. एवढी साधी गोष्ट, पण तिचा माग काढत गेलो तर १८८८ सालच्या जर्मनीपासून लिबियाच्या वाळवंटापर्यंत आणि तिथून आपल्या मुंबईपर्यंत पोचलो. तर चला.

आधी थोडं गणित. ढोबळमानाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकाच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनच्या पाण्याला तापवते. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतं, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन ६० अश्वशक्तीचं होतं, म्हणजे सुमारे ४५ किलोवॉट. बाथरूममधला ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर डोळ्यासमोर आणा. असे १५ गिझर एका बॉनेटखाली एकदम चालू! ही सगळी उष्णता नुसतं पाणी उकळवून घालवायची म्हटली, तर मिनिटाला लिटरभराहून जास्त पाण्याची वाफ होईल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीच्या गाड्या खरोखर असंच करायच्या. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, की वरून नवीन ओतायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत तिने औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं हा किस्सा सगळे सांगतात. पण वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणीही भरावं लागलं होतं, ते कुणी फारसं सांगत नाही. पेट्रोलपेक्षा पाण्याची तहान मोठी होती.

यावरचा पहिला मोठा इलाज विल्हेल्म मायबाखने काढला. १९०१ च्या मर्सिडीज ३५ अश्वशक्ती गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. आठ हजारांहून जास्त बारीक चौकोनी नळ्या एकत्र डाखलेल्या, नळ्यांच्या आतून हवा आणि बाहेरच्या सांदीतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढला आणि पाणी खूप कमी पुरायला लागलं. मागे पंखाही बसवला. आजच्या गाडीचा रेडिएटर तत्त्वाने याच घराण्यातला.

पण इथे एक मेख आहे. रेडिएटर उष्णता नाहीशी करत नाही, फक्त पाण्यातून काढून हवेला देतो. आणि ही तापलेली हवा जाते कुठे? रेडिएटरच्या मागे, म्हणजे नेमकी बॉनेटच्या आत! जे सर्व्हर रूमच्या वाटेला गेलेत त्यांना हे पटकन कळेल. एसी कितीही मोठा लावा, सर्व्हरच्या पाठीमागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत शिरत असेल तर काही उपयोग नाही. म्हणून तर थंड हवेची गल्ली वेगळी आणि गरम हवेची वेगळी ठेवतात. गार हवा आणणं हे अर्धंच काम. गरम हवेला वाट देणं हे उरलेलं अर्धं.

जुन्या काळच्या कारागिरांना हे माहीत होतं. १९१० ते १९३० च्या दशकांतल्या गाड्यांचे फोटो बघा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचांची रांग दिसते, तेच ते माशाचे कल्ले. पुढून हवा आत, बाजूने बाहेर, सरळ हिशोब. मग तिशीच्या दशकात गाड्या गोलाकार, गुळगुळीत व्हायला लागल्या. बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं वर उघडायला लागलं आणि कल्ले हळूहळू गायब झाले. गुळगुळीत रस्त्यावर, बऱ्या वेगात त्यावाचून फारसं अडतही नव्हतं. वेगाने येणारी हवा गरम हवेला ढकलत गाडीखालून बाहेर काढायची.

अडतं कुठे? जिथे वेग नसतो तिथे. चढ, चिखल, वाळू. गाडी ताशी पाच किलोमीटरने रांगतेय, पण इंजिन लो गिअरमध्ये जीव तोडून ओरडतंय. उष्णता पूर्ण, वारा शून्य. सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंख्याने मागे फेकलेली हवा बॉनेटखाली कोंडलेली.

आता लिबियाला जाऊ.

राल्फ बॅग्नोल्ड, जन्म १८९६, ब्रिटिश सैन्यातला सिग्नल्सचा अधिकारी. १९२६ मध्ये त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. तिथे पठ्ठ्याला वीकांताचा नाद लागला (आपल्यातलाच म्हणायचा!). सुट्टी मिळाली की मित्र गोळा करायचे आणि फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात घुसायचं. आधी मॉडेल टी, पुढे मॉडेल ए. ज्या वाळूच्या समुद्रात मोटार जाणं शक्य नाही असं लोक म्हणायचे, तिथे हे लोक हौसेने, स्वतःच्या खर्चाने जाऊन आले.

पण वाळूत गाडी सतत जोर लावत असते, मागून वारा असेल तर रेडिएटरला हवा लागत नाही, आणि पाणी उकळून वाफ उडून जाते. मघाचा आकडा आठवा. मिनिटाला लिटर ही सगळ्यात वाईट अवस्था झाली, पण तिचा दहावा हिस्सा धरला तरी तासाला सात लिटर. पुढची विहीर दोनतीनशे किलोमीटरवर असेल तर गाडी पिते ते पाणी माणसांच्या तोंडचं असतं.

बॅग्नोल्डच्या गाड्यांवरचा जुगाड असा: रेडिएटरचं जादा वाफ बाहेर जायचं भोक बंद करायचं. तिथून एक नळी काढून फुटबोर्डवर बसवलेल्या, अर्धा पाणी भरलेल्या डब्यात सोडायची. रेडिएटर उकळला की वाफ त्या डब्यातल्या पाण्यात शिरून थंड होणार, पाणी होणार, एक थेंब वाया नाही. डब्यातलंही पाणी उकळायला लागलं की त्याचे चटके ड्रायव्हरला बसायचे, म्हणजे अलार्मसुद्धा फुकटात! मग गाडी थांबवायची, तोंड वाऱ्याकडे करायचं आणि मिनिटभर थांबायचं. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होऊन डब्यातलं सगळं पाणी गुडगुड आवाज करत परत आत ओढलं जायचं. तुमच्या-माझ्या गाडीत बॉनेट उघडल्यावर कूलंटची प्लॅस्टिकची बाटली दिसते, तिच्यामागे हाच विचार आहे: जे बाहेर आलं ते टाकायचं नाही, जपून ठेवायचं.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि बॅग्नोल्डचा वीकांताचा छंद एकदम युद्धाच्या कामाला आला. जनरल वेव्हेलने त्याला शत्रूच्या मागे खोल वाळवंटात जाणारी तुकडी उभी करायला सांगितली, मुदत सहा आठवडे. हीच पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणून गाजली. पहिली भरती मुख्यतः न्यूझीलंडच्या जवानांची. गाड्या म्हणजे बाजारात मिळणारे शेवरले ट्रक. त्यांचे दरवाजे काढले, काचा काढल्या, रेडिएटरवर वाफ पकडायचे डबे बसवले आणि पुढची जाळी काढून रेडिएटर उघडा टाकला. हवेला अडवणारं जे जे होतं ते उतरवलं.

या खटाटोपाची किंमत काय होती ते एका घटनेवरून कळतं. ३१ जानेवारी १९४१ रोजी कुफ्राच्या दक्षिणेला जबल शेरीफ इथे या तुकडीच्या एका गस्तीवर इटालियन सैन्याने हल्ला केला. ट्रक पेटले. चौघेजण मागे राहिले, त्यात ट्रूपर रॉनल्ड मूर पायाला जखम झालेला. त्यांच्याकडे पाण्याचा दोन गॅलनचा एक डबा होता, तोही पूर्ण भरलेला नाही. चौघांत मिळून सुमारे ८ लिटर. शरण जायचं सोडून ते चालत सुटले. दहाव्या दिवशी फ्रेंच सैनिकांना मूर सापडला तेव्हा त्याने जवळपास ३४० किलोमीटर अंतर कापलं होतं आणि तो अजून चालतच होता! चौघांपैकी एकाचा, गार्ड्समन ईस्टनचा, सुटका झाल्यावर मृत्यू झाला.

चार माणसं आठ लिटर पाण्यात कित्येक दिवस चालली. उकळणाऱ्या इंजिनाला ते तासभर पुरलं असतं. मला वाटतं, रेडिएटरला जोडलेल्या त्या पत्र्याच्या डब्याचं मोल सांगायला यापेक्षा वेगळं काही नको.

आता आपल्या लाडक्या जीपकडे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने छोट्या चारचाकी-ड्राइव्ह गाडीसाठी कंपन्यांना बोलावलं. बॅंटम कंपनीने २३ सप्टेंबर १९४० ला पहिला नमुना आणून उभा केला. मग विलीज आणि फोर्डही शर्यतीत आल्या. विलीजचं इंजिन सगळ्यात तगडं (तेच ते ६० अश्वशक्तीचं), म्हणून विलीजचा आराखडा निवडला गेला आणि फोर्डलाही तोच बनवायला सांगितला. जीपचा तो ओळखीचा उभ्या फटींचा चेहरा मात्र मूळचा फोर्डचा. विलीज आधी पट्ट्या वेल्ड करून जाळी बनवायची. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी आणली. ती हलकी आणि स्वस्त, म्हणून १९४२ मध्ये विलीजनेही तीच घेतली. युद्धानंतरच्या नागरी जीपला दिवे मोठे लागले, फटी सात झाल्या आणि तो सात फटींचा चेहरा जगप्रसिद्ध झाला.

आणि वाळवंटात ज्यांनी या जीपा खऱ्या अर्थाने राबवल्या त्यांनी काय केलं? सरळ त्या जाळीच्या पट्ट्या कापून टाकल्या! डेव्हिड स्टर्लिंगच्या एसएएस तुकडीच्या १९४२ मधल्या जीपांचे फोटो बघा. जाळीच्या बहुतेक पट्ट्या गायब, एकदोनच शिल्लक, आणि पुढे बॅग्नोल्डछाप वाफेचा डबा. जुलै १९४२ मध्ये सिदी हनैश विमानतळावरच्या छाप्यात अशा १८ जीपा होत्या. ज्या चेहऱ्यावर आज टी-शर्ट आणि की-चेन विकल्या जातात, तो चेहरा वापरणाऱ्यांनी पहिल्या फुरसतीत कापला, कारण हवा महत्त्वाची होती.

मुंबईचा संबंध इथे येतो. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. १९५३ मध्ये विलीजने अमेरिकेत सीजे-३बी काढली. तिच्या नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. ही उंच कपाळाची जीप महिंद्राने परवान्याखाली पुढची कित्येक दशकं बनवली. पोलीस स्टेशनच्या आवारात, इरिगेशन खात्यात, जुन्या सिनेमांत दिसते तीच. म्हणजे भारतातल्या काही पिढ्यांच्या डोळ्यांत जीपचा जो आकार बसलाय, तो बॉनेटखाली काय मावतं यावरून ठरलेला आहे.

पुढच्या काळात बॉनेटखालची गर्दी वाढतच गेली. एसी आला, पॉवर स्टिअरिंगचा पंप आला, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आली, टर्बो आला. टर्बो तर लालबुंद होणारी वस्तू. त्यात आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वरून-खालून आवरणं. एक प्रसिद्ध उदाहरण जीपच्याच ४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाचं (१९८७ ते २००६). अत्यंत दणकट म्हणून नावाजलेलं, पण त्याचा एक्झॉस्ट आणि इंजेक्टर एकाच बाजूला, एक्झॉस्ट खाली, इंजेक्टर वर. गाडी पळवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केली की काही वर्षांच्या मॉडेल्समध्ये इंजिन थरथरायचं. कारण, गाडी बंद झाली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण तापलेलं लोखंड तसंच असतं. त्याची धग वर चढते आणि इंजेक्टरमधल्या पेट्रोलची वाफ होते. गाडी थांबल्यावर बॉनेटखालचं तापमान आधी वाढतं, हे कितीजणांना माहीत असतं?

इथे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी पत्रा कापायची करवत हातात घेतली. कुणी भंगारातल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या जाळ्या बसवल्या, कुणी पत्र्यात कल्ले पाडून आणले. कंपन्यांनीही ते पाहिलं. २०१३ च्या रॅंग्लर रुबिकॉन दशकपूर्ती आवृत्तीला कारखान्यातूनच फटींचं बॉनेट मिळालं. सत्तरऐंशी वर्षांपूर्वी गायब झालेले कल्ले परत आले, फक्त बाजूऐवजी वर.

पण भोक कुठे पाडायचं याला शास्त्र आहे. गाडी वेगात असताना बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून रेडिएटरच्या जरा मागे फट असेल तर आतली गरम हवा बाहेर ओढली जाते. उलट काचेच्या पायथ्याशी हवा आदळून दाब वाढतो. बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड थोडी उचलायची, हा स्वस्तातला उपाय खूपजण करतात. त्यावर दोन गट कायम भांडत असतात, "फरक पडतो" आणि "काही होत नाही". दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत! गाडी रांगताना किंवा उभी असताना गरम हवा वर चढून त्या फटीतून बाहेर पडते. हायवेवर तिथला दाब उलटा, बाहेरची हवाच आत शिरते. शिवाय केबिनमध्ये हवा घ्यायची जाळीही बहुधा तिथेच, काचेच्या पायथ्याशी असते. म्हणजे इंजिनची धग आणि वास आपल्याच नाकात.

अजून एक गल्लत. फट आणि स्कूप वेगळे. २००९ मध्ये भारतात आलेल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जो उंचवटा होता, तो इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून, म्हणजे हवा आत. व्हेंटचं तोंड मागे, स्कूपचं पुढे. तोंड बघून ओळखायचं. (आमच्या जावावाल्याला हे सांगून झालेलं आहे.)

आणि बॉनेट फाडलं म्हणजे टेंपरेचरचा काटा धाडकन खाली येईल अशी अपेक्षाही ठेवू नये. फटींमुळे मुख्यतः बॉनेटखालची हवा निवते, वायरी, होज पाइप, बॅटरी आणि इंधनाच्या नळ्या सुखात राहतात. रेडिएटरच चिखलाने बुजला असेल, पंख्याचा क्लच गेला असेल किंवा कूलंट कमी असेल, तर वर जाळी लावून काय होणार? शिवाय फटीतून पाऊस आत येतो. आपल्या जुलैतल्या पावसात ते पाणी नेमकं कशावर पडणार, हे आधी बघायला हवं. आणि भारतात गाडीत बदल करायचा म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. तेव्हा करवत उचलण्याआधी आरटीओत चौकशी.

हा सगळा इतिहास वाचताना मला सारखी एक गोष्ट जाणवत राहिली. बंद, गुळगुळीत बॉनेट बनवणारे लोक आणि अवघड वाटेवर जाणारे लोक दर वेळी वेगळे होते. शोरूममध्ये गाडी उभी असते तेव्हा फट हा दोष दिसतो. वाळूत अडकल्यावर तीच फट म्हणजे दोन लिटर वाचलेलं पाणी असते. आम्ही सॉफ्टवेअरवालेही डेमोसाठी छान बंद डबे बनवतो, आत माहिती कशी येईल याचे दहा मार्ग ठेवतो आणि चूक झाली, भार वाढला तर ती बाहेर कुठून पडेल याचा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. बॅग्नोल्ड स्वतः गाडी चालवायचा आणि स्वतःचंच पाणी प्यायचा, म्हणून त्याने आधी बाहेरच्या वाटेचा विचार केला. याच माणसाने पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते यावर १९४१ मध्ये जे पुस्तक लिहिलं ते आजही त्या विषयाचा पाया मानतात, आणि मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांना त्याचं नाव दिलेलं आहे. पण माझ्या लेखी त्याचं मोठेपण फुटबोर्डवरच्या त्या पत्र्याच्या डब्यातच आहे.

असो. पुढच्या वेळी घाटात कुणाची गाडी बॉनेट वर करून उभी दिसली तर थांबा, पाण्याची बाटली द्या. आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू देऊ नका. आत प्रेशर कुकर असतो, अंगावर येईल. अर्धा तास जाऊ द्या. तेवढ्या वेळात बर्था, बॅग्नोल्ड आणि मूर यांच्या गोष्टी सांगून होतात.

तूर्तास इतकेच.